वच्छलाबाईचे पाय

“पाय हलवू नकोस म्हटलं ना!”

“हलवणार. पाय माझे आहेत.”

“तुझं रक्त तिकडे मशीनमध्ये फिरतंय आणि तू इकडे पायडल मारतेस? अंगात उरलंय तेही आटवशील!”

“रक्त गाळायला गेलंय, यात्रेला नाही. त्या नळीतून परत येतंय. बघा जरा डोळे उघडून.”

हे भांडण चाललं होतं विणकरांच्या एका गावात, डायलिसिसच्या खोलीत. खाटेवर होती पैठणी विणणारी वच्छलाबाई. तिच्या किडन्या थकल्या होत्या, म्हणून एक दिवसाआड तिला मशीनला जोडून तासन्‌तास पडावं लागे. उशाशी उभा होता तिचा नवरा सखाहरी.

सखाहरी वाईट माणूस नव्हता, आणि अडचण तीच होती. वाईट माणसाला झटकून टाकता येतं. बायको आजारी पडल्यापासून त्यानं तिला जमिनीला पाय लावू दिला नव्हता. पाणी हातात, ताट पुढ्यात. दवाखान्याच्या दिवशी तो तिला पाठकुळी घेऊन गल्लीतून रिक्षापर्यंत जाई. बायका दारात येऊन म्हणत, “नवरा असावा तर असा!” की याची छाती फुगे. इकडे तिच्या पायांच्या काटक्या होत चालल्या होत्या, ते कुणी बघत नव्हतं.

पाय गेले असते तर वच्छलाबाईचं सगळंच गेलं असतं. तिचा माग होता खड्ड्यावरचा. विणणारीनं काठावर बसायचं, पाय खड्ड्यात सोडायचे आणि तळाच्या पावड्या दाबायच्या. पावडी दाबली की ताण्याचे उभे धागे वरखाली होतात, मगच मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. हात कितीही कसबी असू द्या, पाय नसले तर माग मुका. सखाहरीनं मात्र ठरवून टाकलं होतं: माग मोडायचा, खड्डा बुजवायचा, वर फरशी टाकून तिची कॉट लावायची. गवंड्याला सांगूनही आला होता. तिला विचारलं? छे! आजारी माणसाला कोण विचारतं?

म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून खाटेच्या पायथ्याशी पायडल लावून दिलं, तेव्हा वच्छलाबाईनं ते नव्या मागासारखं निरखून पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, “सुरुवातीच्या वेळातच फिरवायचं, सावकाश. सुईचा हात हलवायचा नाही. सिस्टर थांबा म्हणाली की थांबायचं.”

त्या भांडणाच्या दिवशी मात्र वच्छलाबाई चुकली. सिस्टर म्हणाली, “बास आता, मावशी.” पण नवऱ्याला दाखवायचं होतं ना! ही फिरवतच राहिली. बीपी उतरलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटऱ्यांत गोळे आले. सिस्टरनं पायथा वर केला, मशीनची बटणं फिरवली आणि तिला सावरलं.

“बघितलंस?” सखाहरी म्हणाला. “आता ते पायडल भंगारात.”

दुसरी कुणी असती तर रडून मोकळी झाली असती, नाहीतर पायडलला शिव्या दिल्या असत्या. वच्छलाबाईला जरा बरं वाटलं तशी ती म्हणाली, “सिस्टर, चुकले. व्यायामाचा दोष नाही, माझ्या ऐटीचा आहे. पुढल्या खेपेला तुम्ही बास म्हणाल तिथे बास.”

हट्टी बाईला पायडल फिरवणं सोपं, थांबणं अवघड. तिनं ते अवघड काम केलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा परवानगी दिल्यावर सिस्टर सांगेल तेवढंच फिरवू लागली, पण एकही खेप चुकवली नाही. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे कंडक्टर विचारत, “मावशी, गाडी कुठवर आली?”

“येतेय. तुम्ही तिकीट काढून ठेवा.”

काही दिवसांनी त्यांनीही स्वतःसाठी पायडल मागून घेतलं. वच्छलाबाईच्या पोटऱ्या भरत आल्या. आधी ती उठून उभी राहू लागली, मग घरातल्या घरात चालू लागली. हलकं काम करायला डॉक्टरीणबाईंनी मोकळीक दिली. सखाहरी तरीही तिला पाठकुळीच नेत होता. सवय त्याला लागली होती, तिला नव्हे.

एके सकाळी गवंडी मुरमाची पाटी घेऊन दारात आला. वच्छलाबाई कॉटवरून उतरली, कुणाचा हात न धरता मागापर्यंत गेली, काठावर बसली, पाय खड्ड्यात सोडले आणि पावडी दाबली. धागे वरखाली झाले.

गवंडी डोकं खाजवत म्हणाला, “अण्णा, मुरूम टाकू कुठं? खड्ड्यात तर बाई बसल्यात!”

दारात जमलेल्या बायका हसल्या. सखाहरी दोन्ही हात पसरून धावला. “उठ गं, पडशील! लोक म्हणतील, आजारी बायकोला कामाला जुंपली!” तो तिला उचलायला वाकला. तिनं त्याचे हात धरले आणि बाजूला केले.

तात्पर्य: आजारी माणसाची सेवा जरूर करावी, पण त्याच्या अंगात जे बळ उरलंय ते आपल्या मायेनं काढून घेऊ नये, आणि आजारी माणसानं ते बळ सांगितलेल्या मापानं, न चुकता, नेटानं वाढवावं. मला हे सांगायला इतके शब्द लागले. वच्छलाबाईनं त्या दिवशी भांडण एका वाक्यात मिटवलं: “मला उचलायला एक दिवस चारजण येणारच आहेत, तोवर मला उचलू नका, माझ्यासोबत चाला.”