उपाशी साहेबांचा पिठाचा डबा

सोळा तास कडकडीत उपास आणि उरलेल्या आठ तासांतच जेवण, असं व्रत दिघेसाहेबांनी धरलं. विसाव्या दिवशी त्यांनी स्वयंपाकाच्या शेवंताबाईंना ऐकवलं, "बाई, नाश्ता बंद झालाय. खाण्याचा खर्च घटला, तसा तुमचा पगारही घटणार!"

शेवंताबाईंचं डोकंच फिरलं. त्यांनी पिठाचा रिकामा डबा आणून साहेबांपुढे आदळला.

"हा डबा महिनाभर पुरायचा, तो वीस दिवसांत संपला! सोळा तासांचा राग तुम्ही माझ्या पोळ्यांवर काढता. खर्चावर पगार ठरवायचा ना? मग द्या दीडपट!"

साहेब डब्यात डोकावून बघतच राहिले.

"बघताय काय?" बाई कडाडल्या. "तुपाची रिकामी बरणी अजून आणलेली नाही मी!"