रणधीरचा सुपरचार्जर

“जादा हवा घातली तर जादा ताकद येणार का नाही? एवढंच सांगा वस्ताद. येणार का नाही?”

रणधीर चौगुलेनं तिसऱ्यांदा विचारलं. वस्ताद बाबालाल शिकलगार पत्र्याच्या डब्यावर बसून चहा पीत होते. बशी तोंडाला लावली, सावकाश संपवली, खाली ठेवली.

“येणार,” ते म्हणाले.

“मग झालं तर!” रणधीरनं माझ्याकडं बघून हात उडवले. जणू कोर्टात निकाल लागला.

मी शेजारच्या पत्र्याखाली लेथ चालवतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं गेली माझी. वस्तादांच्या हाताखाली किती आले नि किती गेले, सगळे बघितलेत. त्यात रणधीरएवढं हुशार पोरगं दुसरं नाही, आणि त्याच्याएवढं शेफारलेलंही नाही. सहा वर्षं इथं हात काळे केले, मग बायपासला स्वतःचं गॅरेज काढलं. काचेचं ऑफिस. छातीवर नाव शिवलेला शर्ट. वस्तादांना भेटायला वर्षातनं एकदा, तेही काही मिरवायचं असलं तर.

त्या सकाळी मिरवायला दवाखान्याची गाडी होती. घाटाखालच्या वाड्यांमधले पेशंट वर आणणारी, पांढरी, जुनी. बॉनेट उघडं होतं. इंजिनाकडं जाणारी हवेची नळी मधेच कापून त्यात त्यानं एक पंखा बसवला होता, मुठीएवढा, बॅटरीवर चालणारा. त्याला तो इलेक्ट्रिक सुपरचार्जर म्हणत होता. वरची नळी पारदर्शक घेतलेली. का, तर गिऱ्हाईकाला पंखा फिरताना दिसावा!

“दवाखान्याच्या अजून सहा गाड्या हाईत, वस्ताद. सगळ्यांना हाच बसवायचा. मोठे साहेब म्हणाले, बाबालाल मिस्त्रींनी हो म्हणू दे, आजच सही करतो.”

“हिला झालतं काय?”

“घाट चढंना. दम नाही. आणि अकरा दिवसांमागं तर…”

इथं रणधीरचा आवाज जरा खाली आला. खोटं कशाला बोलू, पोरगं आतनं वाईट नाही.

“खालच्या वाडीतली शेवंता कांबळे. दिवस भरलेली. कळा सुरू झालेल्या. गाडी शेवटच्या दोन वळणांना पहिल्या गिअरमध्ये पण ओढंना. ड्रायव्हरनं सगळ्यांना खाली उतरवलं. बाई चालत चढली वस्ताद! दोन वळणं, पोट धरून. देवाची कृपा, दोघं वाचली.”

“हं.”

“ते ऐकलं आणि म्हटलं, परत कुणा बाईवर ही वेळ येऊ द्यायची नाही. दोन दिवसांत हा बसवला. उद्या बारसं हाय पोराचं. मला मान दिलाय त्यांनी. नारळ-टोपी. मीच पाळण्याची दोरी ओढायची म्हणत्यात.”

“घाटात चढवून बघितलीस?”

“मोकळीच. फरक जाणवतो.”

“कुणाला?”

“…मला.”

वस्ताद उठले. सत्तरी ओलांडलीय, गुडघे कुरकुरतात. बॉनेटपाशी गेले, पंख्यावर बोट टेकवलं.

“ह्याला वीज कुठली?”

“बॅटरीची.”

“बॅटरीला?”

“आल्टरनेटर देतो.”

“त्याला फिरवतं कोण?”

“…इंजन.”

“हं.”

“तसं नव्हे वस्ताद!” रणधीर उसळला. “परदेशी गाड्यांत असतोय हा. कंपनीतनंच येतोय. बाहेर जग कुठं गेलंय आणि तुम्ही अजून…”

मला असा राग आला म्हणता! हातातला पाना टाकून पुढं झालो होतो. वस्तादांनी नुसता हात केला, मी मागं सरलो.

“असतोय की,” ते शांतपणे म्हणाले. “आणि चालतोय बी. त्याची मोटर केवढी, बॅटरी केवढी, बघितलीस कधी?”

“…फोटोत.”

“आणि ही केवढी?”

“नळीत बसंल एवढी.”

“चालू कर.”

रणधीरनं गाडी सुरू केली, पायानं दाबली. पंखा घूं घूं करत फिरायला लागला. दिसायला झकास दिसत होता, हे कबूल करायला पाहिजे.

वस्तादांनी पंख्याची वायर उपटली.

पंखा मंदावला. इंजिनाच्या ओढीनं कसाबसा गरगरत राहिला.

“बघा!” रणधीर खिडकीतनं ओरडला. “वायर काढली की मेला! म्हणजे काम करतोय का नाही?”

वस्ताद पंख्याकडं बघतच नव्हते. हेडलाइटच्या मागं, जिथनं बाहेरची हवा नळीत शिरते, त्या तोंडापाशी त्यांनी तळवा धरला होता. धरून ठेवला. कपाळाला आठी पडली.

“खाली ये. हात दे हिकडं.”

रणधीर उतरला. वस्तादांनी त्याचा हात धरून त्या तोंडाशी नेला, आणि मला ॲक्सिलेटर दाबायला सांगितलं.

“ओढ लागतीय?”

“…थोडी.”

“थोडी का?”

फिल्टर नवा घातलाय असं रणधीर पुटपुटला. वस्तादांनी गाडी बंद करायला लावली, लांब तोंडाची पक्कड घेतली आणि नळीच्या तोंडात घातली. खोल. पहिल्या वळणापर्यंत. चिमटीत काहीतरी आलं. ते ओढत राहिले… आणखी ओढत राहिले…

बाहेर आलं ते फडकं होतं. काळं, तेलकट, पिळा बसलेलं. वस्तादांनी ते मडगार्डवर उलगडलं.

काठ लाल होता.

तो काठ मी लगेच ओळखला. कसा, ते सांगतो.

इंजिन धुताना पाणी आत जाऊ नये म्हणून हवेच्या तोंडात फडकं कोंबतात. सगळेच मिस्त्री कोंबतात. पण वस्तादांच्या इथं प्रत्येक माणसाचं फडकं वेगळं. वस्तादांची बायको, आमची चाची, स्वतः त्याला रंगीत काठ शिवते. एकाचा हिरवा, एकाचा पिवळा. भिंतीवर ज्याच्या त्याच्या नावाचा खिळा. काम झालं की फडकं खिळ्यावर गेलं पाहिजे. एक जरी खिळा रिकामा दिसला तर गाडीला चावी लावायची नाही, मग गिऱ्हाईक दारात कितीही बोंबलू दे.

लाल काठ रणधीरचा. गॅरेज काढलं तेव्हा चाचीची आठवण म्हणून सोबत घेऊन गेला होता. त्याचा खिळा अजून भिंतीवर आहे.

“गाडी धुतली कुणी?” वस्तादांनी विचारलं.

“मी,” रणधीर म्हणाला. “गणपतीच्या आधी. सर्व्हिसला आलती. दवाखान्याची गाडी म्हणून मी स्वतः…”

“दम कधीपासनं गेला तिचा?”

“…गणपतीपासनं.”

“खिळं हाईत का तुझ्या गॅरेजात?”

“लिस्ट हाय वस्ताद. कम्प्युटरवर. बेचाळीस गोष्टी. एकेक टिक केल्याशिवाय गाडी बाहेर सोडत नाही.”

“त्यात फडकं?”

रणधीरनं मान हलवली. नाही.

वस्तादांनी मला पुन्हा चावी मारायला लावली. मी दाबली. अगं आई गं! तीच गाडी, पण आवाज काय! छातीत घुमला. आणि पंखा… त्याची वायर अजून वस्तादांच्या बोटांत लोंबत होती, आणि तो असा सुटला होता की पाती दिसेनात. नुसती शीळ. मघाशी बॅटरीवर फिरत होता त्याच्या कितीतरी पट.

वस्तादांनी वायर जोडली. काही फरक नाही. काढली. काही फरक नाही. पुन्हा जोडली, पुन्हा काढली.

“आता सांग,” ते म्हणाले. “कोण कुणाला हवा देतंय?”

मी गाडी बंद केली. वस्तादांनी चार स्क्रू सोडले, पंखा काढला आणि रणधीरच्या तळहातावर ठेवला. तो घेऊन रणधीर तिथंच, तेलाच्या डागावर, फतकल मारून बसला. तो शिवलेल्या नावाचा शर्ट घालून.

“मी…” तो म्हणाला. “माझ्यामुळं चालली ती. पोट धरून. आणि मी तीच गोष्ट सगळीकडं सांगत हिंडलो. साहेबांना सांगितली. पेपरवाल्याला सांगितली.” त्यानं तोंडावर हात दाबला.

मग रणधीरनं खिशातनं फोन काढला. माझ्यासमोर, वस्तादांसमोर, साहेबांना लावला. “सही नको साहेब. पंखा नको. चूक माझी होती, मशिनची नव्हती. ड्रायव्हरची तर नव्हतीच. सगळं सांगायला येतो.” अडखळत का होईना, एवढं बोलला. मला वाटलं, चला, सुटला.

सुटला कुठला! फोन ठेवला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

“पण उद्या बारसं हाय वस्ताद! ती माणसं मला टोपी घालणार. पोराला माझ्या मांडीवर देणार. त्यांना काय सांगू? कुठल्या तोंडानं जाऊ? जाऊ का नको, तेवढं तरी सांगा!”

वस्तादांनी मडगार्डवरचं फडकं उचललं. झटकलं. घडी घातली, लाल काठ वर येईल अशी. मला वाटलं आता भिंतीवरच्या त्या रिकाम्या खिळ्याला अडकवतील. माझी नजर खिळ्याकडं गेलीसुद्धा.

त्यांनी ते रणधीरच्या छातीवरच्या खिशात घातलं, शिवलेल्या नावाच्या मागं.

मग पुन्हा डब्यावर जाऊन बसले. गार झालेल्या किटलीला हात लावून बघितला…

“जा की बारशाला,” ते म्हणाले. “येताना ती दोन वळणं चालत चढ.”