ओट्याची उंची

आयत्या ताटावर बसणाऱ्यांनो, ते ताट कुणी आणि कसं रांधलं, हे मान वळवून तुम्ही कधी पाहिलं नाही. नाही म्हणू नका. ही गोष्ट फार फार जुन्या काळातली आहे. पण तेवढ्यावर तुमची सुटका होणार नाही.

एका डोंगरी किल्ल्यावर किल्लेदाराचं घर होतं. राजघराण्याहूनही जुनं. भिंती दोन हात जाड, तुळया अखंड सागाच्या. एकदा राजाचा निरोप आला, की येत्या दसऱ्याला तुमच्याकडे जेवायला येतो. किल्लेदारीणबाईंनी कित्येक वर्षांत पहिल्यांदाच स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं आणि नाक मुरडलं. जमिनीवरच्या चुली! राजधानीत म्हणे आता उभ्यानं रांधतात. लगेच राज्यातल्या नामांकित कारागिराला बोलावणं गेलं.

कारागीर गुणी होता. गुरूनं त्याच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती : जो वापरणार, त्याचं माप घे. म्हणून तो कमरेला सुतळी बाळगायचा आणि प्रत्येक मापाची तिला गाठ मारायचा. किल्लेदारांची मांडी मोजून त्यानं त्यांचा पाट आखला. राजाच्या बसण्याचं माप राजधानीतून मागवलं. मग तो स्वयंपाकघरात गेला. तिथं तीस वर्षं रांधणारी बाई होती. अंगानं बुटकी, जिभेनं तिखट.

"मावशी, जरा हात वाकवा. कोपर कुठं येतं बघू."

"अगंबाई! चोळी शिवताय की काय माझी?" ती हसली, पण तिनं हात वाकवला. "घेताय तर नीट घ्या. मला भरला हंडा उतरवायचा असतो, नुसतं उभं राहायचं नसतं."

त्यानं सुतळीला गाठ मारली. तेवढ्यात दारातून बाईसाहेबांचा आवाज आला.

"मिस्त्री, घर कुणाचं?"

"आपलं, बाईसाहेब."

"मग ओटा कुणाच्या मापाचा?"

बाईसाहेब चांगल्या ताडमाड उंच. त्यांनी जन्मात चूल पेटवली नव्हती, हे कारागिराला ठाऊक होतं. पण राजाला काम आवडलं तर राजकारागिराचा शेला मिळणार, हेही ठाऊक होतं. त्यानं नखानं गाठ सोडवली आणि सुतळी बाईसाहेबांच्या कोपराला लावली.

ओटा झाला, आणि काय देखणा झाला! काळाभोर दगड, काठाला कोरलेली वेल, वर ओळीनं पाच चुली. पलीकडच्या जेवणघरात पितळी फुलं जडवलेले शिसवी पाट मांडले. धूर आणि भांड्यांचा आवाज पाहुण्यांपर्यंत पोचू नये म्हणून मधे जाडजूड सागवानी दार बसवलं.

मावशी ओट्यापुढे उभी राहिली. काठ तिच्या छातीशी आला.

"मिस्त्री, हा ओटा आहे की देव्हारा? रांधू की हात जोडू?"

"होईल सवय." कारागिरानं तिच्या पायाखाली एक तिवई सरकवली.

"पायाखाली लाकूड देता, त्यापेक्षा तेवढाच ओटा उतरवा ना."

"दगड आहे, मावशी. आता नाही उतरत."

उतरला असता. दोन दिवसांचं काम होतं. कोरलेली वेल तेवढी गेली असती.

दसऱ्याला राजा आला. पंगत बसली. कारागीर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बोलावण्याची वाट पाहत उभा होता. मावशीनं तिवईवर चढून उकळत्या आमटीचा हंडा उचलला. हंडा छातीशी येताच तिवई डुगडुगली. मावशी पडली आणि सगळी आमटी तिच्या दोन्ही हातांवर आली.

तिची किंकाळी सागवानी दारापलीकडे गेली नाही. दार इतकं उत्तम बसलं होतं. पलीकडे राजा म्हणत होता, "इतका ऐसपैस बसून मी कुठंच जेवलो नव्हतो."

आमटी का येत नाही म्हणून बाईसाहेब आत आल्या. त्यांनी आधी ओट्याकडे पाहिलं.

"चीर नाही ना गेली दगडाला?"

कारागिरानं ओट्यावरून हात फिरवला. "नाही, बाईसाहेब."

संध्याकाळी त्याच्या खांद्यावर शेला पडला. मावशीला डोलीत घालून पायथ्याच्या गावी पोचवलं. तिची बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. साधा घासही तिला दुसऱ्यानं भरवावा लागे.

किल्ल्यावर नवी स्वयंपाकीण हवी होती. राजकारागिराला पहिलं काम तेच मिळालं. बाईसाहेबांनी त्याला मागच्या दाराच्या चौकटीवर एक रेघ कोरायला सांगितली. जिचं डोकं रेघेला लागेल तिलाच आत घ्यायचं. त्यानं रेघ कोरली, अगदी सरळ. मग दिवसभर तो चौकटीपाशी उभा राहून बायका मोजत राहिला. एकेक जण पाठ टेकवायची, टाचा उंचवायची आणि मान खाली घालून गड उतरायची.

म्हणून लहानथोरांनो, हे लक्षात ठेवा : राबणाऱ्या हातांना न विचारता केलेलं देखणं काम म्हणजे देखणा अन्यायच.

खांद्यावर कावड घेऊन पाणक्या त्या दारानं आत चालला होता. रांग पाहून तो थबकला आणि कारागिराला म्हणाला, "ओटा बिनचूक झालाय हो, मिस्त्री. माणसंच मेली चुकीच्या मापाची जन्माला येतात."