आईचा डावा हात

"आठ दिवस झाले, पहाटे पावणेपाचला आई गेली, आणि तेव्हापासून माझं दूध आटलंय. या लेकरानं काय प्यावं, बाई?"

मठातल्या संन्यासिनी हंसाबाई तांदूळ निवडत होत्या. अंगावर काळी वस्त्रं, डोक्यावरचे केस काढलेले. त्यांनी माझ्या मांडीवरच्या मुलीकडं पाहिलं.

"डॉक्टर?"

"दाखवलं. डब्याचं दूध लिहून दिलं. पाजलं की ओकते. वजन उतरत चाललंय."

"आईसाठी रडलीस का?"

"नाही... सवाष्ण गेली ना. सगळ्या म्हणतात, सोनं झालं."

माझ्या वडलांच्या बहीण, मालनआत्या, दाराशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "झालंच सोनं. हिरवं लुगडं नेसून, मळवट भरून गेली. असं मरण मागून मिळत नाही."

बाईंनी तिकडं पाहिलं नाही.

"आई कशी होती तुझी?"

"देवमाणूस. कधी वर तोंड करून बोलली नाही. कुणाला दुखवलं नाही."

"हे देवळातल्या मूर्तीचं झालं. आईचं सांग."

मी मुलीचं टोपडं सारखं केलं.

"हिला न्हाऊ घालायची," मी म्हणाले. "सगळं एका हातानं. डावा हात मनगटात वाकडा होता. शेवटी हिरव्या बांगड्या त्या हातात जाईनात. आत्यांनी साबण लावून चढवल्या."

"वाकडा कशानं?"

"विहिरीवर पडली होती."

"कुणी सांगितलं?"

"आईनंच."

"आणि असं सांगायला तिला कुणी सांगितलं?"

बाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"मुलीला घे. तुझी आई घ्यायची तशी."

मी डावं मनगट आत वळवलं, कोपराच्या खोबणीत मुलीचं डोकं धरलं. हात लगेच अवघडला. आई अशीच तास न् तास बसायची. मूल झोपलं तरी खाली ठेवायची नाही.

हात तसाच ठेवून मी बोलले.

"अण्णांनी मोडला. माझ्या बापानं. ती मला पाजत बसली होती, दार उघडायला उशीर झाला... मी बाळंत झाले तेव्हा एकदाच बोलली. म्हणाली, कुणाजवळ काढू नकोस, त्यांची इज्जत जाईल."

आत्या उठून उभ्या राहिल्या.

"शीतल, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"गेलेल्या माणसाबद्दल ती कुठं बोलतेय?" बाई म्हणाल्या.

अण्णा त्या वेळी घरी ओट्यावर बसले असतील, भेटायला येणाऱ्यांना चहा सांगत.

मला रडू फुटलं. हुंदक्यांनी पदर सरला. मुलीनं छातीला तोंड लावलं, सवयीनंच. मला काही आशा नव्हती. ती नुसती चोखत राहिली...

मग तिच्या घशात गिळल्याचा आवाज झाला. एकदाच. मी हात तसाच धरून बसले.

आत्यांचा चेहरा उतरला होता. जायचं म्हणून त्या बाईंच्या पाया पडायला वाकल्या. बाईंनी पाय मागं घेतले.

"हिचं सांगून झालं, मालनबाई. आता भावकीत तुम्ही सांगा. आणि जी ऐकेल तिला म्हणावं, पुढं सांग."