मागून हसणारे आबा

नगर काही आटपाट नव्हतं. तांबटांची बारा घरं असलेलं साधं गाव. तिथं रंगनाथआबा तांबट, त्यांचा लेक सदानंद आणि सून कुमुद अशी तिघं राहायची. आणि गावाबाहेर चिंचेखाली भिकोबाबुवा.

सदानंद साखर कारखान्यात हिशेबाला. खूप शिकलेला, आणि ते तो कुणाला विसरू द्यायचा नाही.

एका सकाळी तो बुवांसमोर येऊन बसला. ऊन नसताना घामेजलेला.

"बुवा, अंगारा द्या. कुमुदला सातवा लागलाय. आधीची दोन पोटातच गेली. मी दिवसभर कामावर. माझं चित्त थाऱ्यावर नसतं."

"घरी कोण असतं?"

"आबा."

"मग झालं की. तिनं हाक मारली तर आहेत."

सदानंद जमिनीकडं बघायला लागला.

"आबांना ऐकू येत नाही, बुवा. चाळीस वर्षं हंडे ठोकले. त्यात कान गेले."

"आणि हंड्यांचे पैसे कशात गेले?"

"...माझ्या शिक्षणात."

बुवा चिंच सोलत होते. सोलत राहिले.

"कानाचं मशीन मिळतं म्हणे."

"मिळतं. साठ हजार." सदानंदला हुरूप आला, हिशेब म्हणजे त्याचं माहेरच. "मी मांडून बघितलंय. आबा दिवसाला दहा शब्द बोलतात. एकेक शब्द केवढ्याला पडेल? त्यापेक्षा टीव्हीवर सिनेमे-मालिकांची चार ॲप घेतली, पैसे भरून. दिवसाला चहाएवढा खर्च, नि घरभर करमणूक. आबाही बसतात आमच्यात. चांगले हसतात."

"कधी हसतात?"

"आम्ही हसलो की."

"तुमच्या आधी, का मागून?"

"...मागून."

"टीव्हीकडं बघून?"

"...आमच्या तोंडाकडं बघून."

बुवा पुढं वाकले. ओठ हलवून काहीतरी बोलले. आवाज नाही.

सदानंद बावरला. परत विचारावं तर आपण अडाणी दिसू. त्यानं मान डोलावली.

"हो, बुवा."

"काय म्हणालो मी?"

सदानंद चिंचेच्या सालींकडं बघायला लागला.

"मग हो कशाला म्हणालास?"

सदानंदला आठवलं. कालच कुमुद आतून ओरडली होती, आबा, दूध उतू चाललंय. आबा जागचे न हलता म्हणाले होते, हो.

अंगारा घ्यायचा राहिलाच. तो तसाच उठला.

ॲप बंद झाली. मोटारसायकल विकली. मशीन आलं.

पहिले पंधरा दिवस आबांना पंखासुद्धा घणासारखा वाजायचा. "काढून ठेवू का रे?" म्हणायचे. सदानंद रात्रभर कुशी बदलायचा, पैसे गेले आणि हातात काहीच नाही असं तर होणार नाही ना.

कुमुद म्हणायची, "राहू द्या, आबा. माझ्यासाठी."

नववा लागला. एका दुपारी ती न्हाणीत घसरली. ओरडायला श्वास पुरेना. हाताशी तांब्या होता, तो तिनं फरशीवर आपटला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हात उठेना.

ओसरीवर आबा ताठ झाले. माणसांचं बोलणं अजून त्यांना नीट लागत नव्हतं. पण तो तांब्या त्यांनीच घडवलेला. आपल्या हातचं तांबं ते झोपेतही ओळखतील.

न्हाणीकडं धावले. मग अनवाणी रस्त्यावर गेले, रिक्षा अडवली, सुनेला दवाखान्यात नेलं.

सदानंद धापा टाकत पोचला तेव्हा आबा बंद दारापाशी उभे होते. आत काय चाललंय, कुणाला ठाऊक नाही.

एकाएकी आबा हसले. मग बाकीच्यांना बाळाचं रडणं ऐकू आलं.

मुलगी झाली. मायलेकी सुखरूप. बारा घरांत पेढे वाटून सदानंद चिंचेखाली आला आणि बुवांच्या पायावर डोकं ठेवलं.

बुवा पुढं वाकले. ओठ हलले. आवाज नाही.

या वेळी सदानंदनं मान डोलावली नाही.

"ऐकू आलं नाही, बुवा."

बुवांनी पेढा तोंडात टाकला.

"आता यायला लागलं."