लाल दोऱ्याखालची मूठ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा रानाला हद्द नव्हती आणि गावांना नावं नव्हती.

डोंगराच्या पोटाशी एक वस्ती होती. थंडी सरली की वस्तीतली तरणी माणसं दोन महिने रानात मुक्कामाला जात. शिकार करत, मध काढत, वाळवलेलं मांस घेऊन परतत. ओझं नको म्हणून प्रत्येकाच्या कमरेला एकच सुरा असे. त्यानंच जनावर सोलायचं, त्यानंच बांबू तोडायचा, दोर कापायचा, कांदाही चिरायचा. रानात तो मोडला तर माणसाचं काही खरं नसे.

असा सुरा निवडायचा कसा? तर निवडायचाच नाही, ही तिथली रीत. लोहार सुरा घडवी. वस्तीतले सर्वांत थोरले आजोबा देवीपुढे बसून त्याच्या मुठीवर लाल दोरा गुंडाळत आणि ज्याचा त्याच्या हाती देत. तो दोरा जन्मात सोडायचा नाही. सोडला की देवी पाठ फिरवते, असं आजोबा सांगत.

त्या वर्षी भिवरा पहिल्यांदा रानात निघाली होती. हातानं चपळ, तोंडानं त्याहून चपळ अशी ही पोर. दोन वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या भावाला रानडुकरानं गाठलं होतं. सोबत्यांनी घरी आणली ती फक्त त्याच्या सुऱ्याची मूठ. "त्यानं कधीतरी दोरा सैल केला असणार," आजोबा म्हणाले होते, आणि सगळ्या वस्तीनं मान डोलावली होती. तेव्हापासून तिची आई पाणवठ्यावर मान खाली घालून जाई.

भावानं दोऱ्याला कधी नखही लावलं नव्हतं, हे भिवराला पक्कं माहीत होतं. मग सुरा मोडला कसा? कोण खोटं बोलत होतं? सोबती? लोहार? की डोळे मिटून दोरा गुंडाळणारे आजोबा? ज्याच्याकडे बघावं त्याच्यावर तिचा संशय जाई.

एके सकाळी ती भात्याशी गेली. लोहार आपल्या सुऱ्यानं लाकडाच्या गाठी फोडत होता. भिवराची नजर त्या मुठीवर अडकली.

"काका, तुमच्या सुऱ्याला दोरा नाही?"

लोहाराचा हात थांबला. "मी कुठं रानात जातो?"

"म्हणजे तुम्हाला देवी नको?"

"फार बोलतेस. भाता ओढणार असशील तर थांब, नाहीतर वाट धर."

भिवरानं वाट धरली, पण जे बघायचं ते बघून. त्या मुठीच्या दोन फळ्यांमधून लोखंडाची पट्टी पार शेवटपर्यंत गेलेली होती.

घरी येऊन तिनं कोनाड्यातली भावाची मूठ काढली. "आई, हा दोरा सोडते."

आई पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, "सोड. आता आणखी काय जायचं राहिलंय."

दोरा निघताच मुठीची दोन शकलं झाली. पात्याचं शेपूट जिथं रुतलेलं असतं ती खाच आत होती, पण जेमतेम बोटाच्या पेराएवढी. पुढं सगळी लाख भरलेली.

सुरे वाटायच्या दिवशी वस्ती देवीपुढे जमली. आजोबांनी नवा सुरा पुढं केला. भिवरानं तो घेतला, कपाळाला लावला नाही. थेट जवळ उभ्या रोवलेल्या ओंडक्याकडे गेली.

"काय करतेस?" आजोबांनी विचारलं.

"पारखते."

"आमच्यावर विश्वास नाही तुझा?"

"नाही," भिवरा म्हणाली.

"अगं, माझा सुरा चाळीस वर्षं टिकलाय."

"सुपारी कातरून कुणाचा सुरा मोडलाय, आजोबा?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

भिवरानं पातं ओंडक्याच्या भेगेत ठोकलं आणि मुठीवर सगळा भार टाकला. मूठ दोऱ्यासकट तिच्या हातात आली. पातं लाकडातच राहिलं.

"आता काकांचा सुरा द्या," ती म्हणाली.

लोहारानं कमरेवर हात दाबून धरला. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"दे," आजोबा म्हणाले.

तोही ओंडक्यात ठोकून भिवरानं त्याच्यावर भार टाकला, मग पाय उचलून लोंबकळून पाहिलं. सुरा हललासुद्धा नाही.

लोहार जमिनीकडे बघत बोलला, "पोलाद लांबून येतं. शेपूट आखूड ठेवलं की चारांच्या लोखंडात पाचवा सुरा निघतो. दोऱ्याखाली कोण बघणार होतं?"

भिवरा आजोबांकडे वळली. दोघांचं संगनमत असणार, असं तिनं धरलंच होतं. पण आजोबांचा चेहरा काळवंडला होता.

"तुम्ही एकदा तरी आत बघितलंत?"

"माझ्या आजोबांनी नाही बघितलं," ते हळूच म्हणाले. "म्हणून मीही नाही. तुझ्या भावाचा दोरा मीच बांधला होता, पोरी."

आजोबांचीही लबाडी निघाली असती तर भिवराला बरं वाटलं असतं. लबाडावर थुंकता येतं. न बघणाऱ्याचं काय करायचं, ते तिला कळेना.

आजोबांनी सर्वांत आधी स्वतःच्या सुऱ्याचा दोरा सोडला. मग बाकीच्यांनी सोडले. बहुतेक मुठींत लोखंडाऐवजी लाखच निघाली.

त्या वर्षी माणसं रानात पंधरा दिवस उशिरा गेली. लोहारानं सगळ्यांच्या देखत, उघड्यावर, पुन्हा सुरे घडवले. लोखंड मुठीच्या टोकापर्यंत दिसेल असे. प्रत्येकानं सुरा ओंडक्यात ठोकून, त्याला लोंबकळून आपापला निवडला. आजोबा भिवराच्या दारात आले आणि चारचौघांत म्हणाले, की पोरानं दोरा सैल केला नव्हता, चूक माझी. तिच्या आईनं ते ऐकून घेतलं, पण त्यांना बसा म्हटलं नाही.

दोन महिन्यांनी भिवरा परतली. गेलेली सगळी माणसं परतली. पाणवठ्यावर तिची आई ताठ मानेनं जाऊ लागली. मुठीला दोरा मात्र त्या वस्तीत पुन्हा कुणी गुंडाळला नाही.

तर लहानांनो, आणि तुमच्याहून मोठ्यांनो, तात्पर्य एवढंच: जे उघडून बघायला मनाई असते, त्याच्यावर जीव सोपवण्याआधी ते उघडून बघावं.