रेगेसरांची घंटी

सभेला येण्याआधी रेगेसरांनी सायकलचे ब्रेक तिसऱ्यांदा तपासले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये विषय एकच होता: सत्तरीपुढच्यांना आवारात सायकलबंदी. सर पदार्थविज्ञानातले डॉक्टर, पण रात्रभर एकच घोर लागला होता, खरंच आपला तोल जात असेल तर?

"सर, तुमच्या सायकलनं एखाद्याला लागेल हो," अध्यक्ष ढमढेरे म्हणाले. "मी वीस वर्षं गाडी चालवतोय. कुणाला साधा ओरखडा नाही!"

सरांनी चाचरत विचारलं, "मग एक छोटासा प्रयोग करू या?"

ते सायकलवर बसले आणि घंटी वाजवत खुर्च्यांजवळून गेले. कुणी मानसुद्धा वळवली नाही. जोशीकाकू मटार सोलत राहिल्या.

"आता तुम्ही गाडी जरा मागे घेऊन दाखवता?"

"त्यात काय!" म्हणत ढमढेरे ऐटीत गाडीत बसले. रिव्हर्सचं गाणं वाजलं मात्र, अख्खी सभा खुर्च्या उचलून भिंतीला चिकटली. सगळ्यांत आधी पोचल्या होत्या सौ. ढमढेरे.

सर हळूच म्हणाले, "अध्यक्षसाहेब, मतदान झालं. बंदी कुणावर, तेवढं इतिवृत्तात लिहून घ्या."